मेनोनाइट शेतकरी स्त्री : वाटा आणि वाचा

(एस.वाय.बी.ए., इतिहास)

'मेनोनाइट' हा शब्द आपल्या महाविद्यालयात फारसा कोणाच्या कानावरून गेला असेल असे वाटत नाही. स्थलांतराच्या इतिहासावर टिपण लिहिताना तो मला प्रथम भेटला. मेनोनाइट हा ख्रिस्ती धर्मातील एक पंथ आहे. शस्त्र हाती धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, बाप्तिस्मा घ्यायचा तो जाणत्या वयात, आणि जगाच्या गजबजाटापासून थोडे अलिप्त राहायचे, ही त्याची मुख्य शिकवण. चार-साडेचारशे वर्षे या पंथातील पुष्कळ लोक शेती करीत आले आणि राज्यकर्त्यांशी जमेनासे झाले की गाडा जुंपून पुढच्या देशी जात राहिले.

त्यांच्याविषयी जे वाचायला मिळते त्यात वडीलधारे धर्मोपदेशक असतात, राजांनी दिलेल्या सनदा असतात, नांगर आणि गव्हाची शेते असतात. बाई असते ती चित्रापुरती : डोक्याला रुमाल, अंगात लांब झगा, हातात दुधाची बादली. या बाईचा दिवस कसा जात असेल, लोण्याचे पैसे कोणाच्या हाती पडत असतील, नवरा गेला तर घरदार कोणाचे होत असेल, हे मला जाणून घ्यावेसे वाटले. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. शेतकरी बाई म्हणजे काय हे मला पुस्तकांच्या आधी आईवरून ठाऊक आहे. त्यामुळे हे प्रश्न आपोआप सुचले.

मेनोनाइट अनेक तऱ्हांचे आहेत आणि आज त्यांतले बहुसंख्य लोक आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेत आहेत. काही शहरात राहतात, प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत. त्या सर्वांविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही. दक्षिण रशियातून, म्हणजे आजच्या युक्रेनमधून, १८७४ पासून कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात गेलेले आणि पुढे तेथून मेक्सिको व बोलिव्हियाकडे सरकलेले जे शेतकरी मेनोनाइट, त्यांच्यातील स्त्रियांपुरताच प्रस्तुत लेख आहे. रॉयडन लोवेन आणि मार्लीन एप या कॅनडातील इतिहासकारांनी या स्त्रियांच्या रोजनिशा, पत्रे आणि वाटणीचे कागद धुंडाळून बरेच काम केलेले आहे. माझा भर त्याच कामावर आहे.

पंथाचे मूळ सोळाव्या शतकात आहे. १५२५ मध्ये झुरिच येथे काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. तान्ह्या मुलाला काय कळते, श्रद्धा ही समजून घेण्याची गोष्ट आहे, असे त्यांचे म्हणणे. राज्य आणि चर्च या दोहोंनाही ते रुचले नाही. छळ सुरू झाला. नेदरलँड्समधील मेनो सिमन्स हा पाद्री १५३६ मध्ये आपले पद सोडून या लोकांत आला आणि त्याच्या नावावरून पंथाला नाव पडले. हुतात्म्यांच्या हकिगतींचा एक जाडजूड ग्रंथ १६६० मध्ये निघाला. मेनोनाइट घरांत तो बायबलच्या शेजारी असे. त्यातील सुमारे एक तृतीयांश हुतात्मे स्त्रिया आहेत.

त्यांपैकी एकीची हकिगत येथे सांगितलीच पाहिजे. अँटवर्प शहरातील माइकेन वेन्स ही एका गवंड्याची बायको. १५७३ च्या ऑक्टोबरमध्ये तिला जाळण्यात आले. जाताना तिने लोकांना उद्देशून काही बोलू नये म्हणून तिच्या जिभेला लोखंडी स्क्रू लावला होता. तिचा पंधरा वर्षांचा मुलगा एड्रियन तीन वर्षांच्या भावाला घेऊन ते पाहण्यास आला होता, पण आईला पुढे आणताच त्याची शुद्ध हरपली. सर्व संपल्यावर तो सावध झाला आणि त्याने राख उकरून तो स्क्रू शोधून काढला. पुढे यान लाउकेन या चित्रकाराने या प्रसंगाचे कोरीवचित्र केले. राखेत वाकलेली ती दोन पोरे मी पुस्तकात पाहिली आणि बराच वेळ पान उलटले नाही. ज्या पंथाच्या बायकांची तोंडे अशी बंद करावी लागत होती, त्या बायका त्या काळी बोलत होत्या एवढे यावरून नक्की होते.

छळापासून दूर जाता जाता हे लोक आजच्या पोलंडमधील विस्तुला नदीच्या मुखाशी आले. तेथील दलदल उपसून त्यांनी शेते केली आणि तेथेच त्यांनी प्लाउटडीच ही लो जर्मन बोली उचलली. घरात ही बोली, चर्च आणि शाळेत प्रमाण जर्मन, अशी विभागणी पुढे कायम राहिली. १७८९ मध्ये रशियाच्या राणी कॅथरीनच्या बोलावण्यावरून ते नीपर नदीकाठी खोर्टित्झा येथे गेले. १८०४ पासून मोलोचना ही दुसरी मोठी वसाहत झाली. तेथे एका कुटुंबाला ६५ देसियातिना, म्हणजे सुमारे १७५ एकर जमीन मिळे. १८७० च्या सुमारास रशियाने सक्तीची लष्करभरती सर्वांना लागू करण्याचे ठरवले. शस्त्र न धरणाऱ्यांना हे पटणारे नव्हते. १८७४ ते १८८० या काळात सुमारे सात हजार मेनोनाइट मॅनिटोबात गेले आणि त्याहून अधिक अमेरिकेच्या कॅन्सस, नेब्रास्का, डाकोटा, मिनेसोटा या भागांत.

प्रवासाची शिदोरी बायकांनी केली. झ्वीबाख म्हणून त्यांचा एक पाव असतो. कणकेचा लहान गोळा मोठ्या गोळ्यावर बसवून भाजतात. तोच पुन्हा भाजून कडक केला की महिनोन्महिने टिकतो, आपल्याकडच्या टोस्टासारखा. तो पोत्यांनी भरून घेतला होता. पहिली तुकडी १ ऑगस्ट १८७४ रोजी आगबोटीने रेड आणि रॅट या नद्यांच्या संगमावर उतरली. पुढे गवत, डास आणि उघडे आकाश. घर म्हणजे 'सेमलिन' : जमिनीत थोडा खड्डा, त्यावर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या चौकोनांच्या भिंती. थंडीत पारा शून्याखाली तीस अंशांच्याही खाली जातो, तेथे पहिला हिवाळा या बायकांनी लेकरे घेऊन त्या भुयारात काढला. दुसऱ्या वर्षी टोळांनी पीक खाल्ले. सरकारने सुमारे ९६ हजार डॉलर कर्ज दिले व ऑन्टारिओतील मेनोनाइट त्याला जामीन राहिले. लोक त्याला 'भाकरीचे कर्ज' म्हणत, आणि त्यांनी ते फेडले.

हळूहळू गावे उभी राहिली. एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरे, आणि प्रत्येक घराला मागे जोडूनच गोठा. स्वयंपाकघरातून एक दार उघडले की बाई थेट गाईंपाशी. बर्फाच्या वादळात बाहेर पाऊल न टाकता धार काढता येई. घराच्या मधोमध विटांची मोठी चूल. तिच्या भिंती दोन-तीन खोल्यांत निघत आणि एका जाळावर सगळे घर ऊब धरी. माळरानावर लाकूड नाही, म्हणून शेण तुडवून, त्याच्या विटा कापून, वाळवून त्या जाळत. हे वाचल्यावर मला हसू आले. वर्गात कॅनडा म्हणजे श्रीमंत देश असे आपण ऐकतो, आणि तिथल्या बाईच्या हातालाही गोवरीचा वास होताच.

तिच्या कामाला ऋतूप्रमाणे वळण होते, पण धारा मात्र बारमाही, दिवसातून दोनदा. वसंतात भाजीचा मळा. बटाटे, कोबी, काकडी, रशियातून आणलेल्या कलिंगडाच्या बिया. उन्हाळ्यात गवत कापणी, मग सुगीत गव्हाच्या पेंढ्या उभ्या करून रचणे. शेतातल्या कामाला बाई आणि मुली असतच. घरची भाकरी करून त्या शेतावर जात. हिवाळ्यात लोकर कातणे, मोजे विणणे, शिवण. कोबीचे बोर्श्ट हे सूप आणि चक्का भरून उकडलेल्या करंज्या, म्हणजे 'वेरेनिके', हे पदार्थ त्यांनी युक्रेनच्या शेजाऱ्यांकडून उचलले होते. शनिवारी रविवारपुरता पाव भाजून ठेवायचा, कारण रविवारी दुपारी 'फास्पा' असे. न बोलावता पाहुणे येत आणि कॉफी, पाव, मुरांबा असे थंडच वाढायचे. विसाव्याच्या दिवशी चूल पेटवावी लागू नये ही त्यामागची सोय. अर्थात न बोलावता किती येतील हे शनिवारीच ओळखावे लागे, ते बाईनेच.

शरदात डुक्कर मारण्याचा दिवस हा सणासारखा. पहाटे शेजारची दोन-तीन जोडपी येत. मारणे, सोलणे पुरुषांकडे; आतडी धुऊन, खरवडून सॉसेजसाठी तयार करणे बायकांकडे. 'मियाग्रोप' नावाच्या मोठ्या कढईत चरबी कढत राही. ज्यांच्याकडे आज हे झाले त्यांनी उद्या दुसऱ्याकडे जायचे. आपल्याकडील इर्जिकीसारखाच हा प्रकार दिसतो.

लोणी आणि अंडी दुकानात जात व त्यांच्या बदल्यात साखर, कॉफी, कापड, सुया येत. गहू बुडाला त्या साली घर या लोण्यावर चाले. हिशेबाच्या वहीत गव्हाची नोंद ठळक असते, लोण्याची बारीक. आमच्या घरी तर दुधाची वहीच नाही, ते सगळे आईच्या तोंडी असते.

आठ-दहा बाळंतपणे ही सामान्य गोष्ट होती. त्यांतली दोन-तीन मुले घटसर्प किंवा गोवराने जात. डॉक्टर लांब. गावातली एखादी जाणती बाई सुईण असे. तीच हाडे बसवी आणि पुष्कळदा तीच मृताला आंघोळ घालून कपडे चढवी. एकाच हाताने लोकांना जगात आणायचे आणि जगातून पाठवायचे. मार्लीन एप यांनी अशा सुइणींविषयी तपशिलाने लिहिले आहे. त्यांच्यापैकी काहींनी बाळंतपणांच्या वह्या ठेवलेल्या होत्या, आणि गावचा तो काळ कळण्यास त्या वह्या इतिहासकारांना फार उपयोगी पडतात.

आता मुख्य विषयाकडे येते. या समाजात वारसाहक्काचा एक जुना नियम होता. तो त्यांनी पश्चिम युरोपातून विस्तुलाकाठी, तेथून रशियात आणि तेथून मॅनिटोबात बरोबर नेला. नवराबायकोपैकी कोणीही वारले की घरच्या सर्व मालमत्तेची यादी करायची. जमीन, गाडा, गाई, कढया, पलंग, देणे, घेणे, सर्वांची किंमत लावायची. त्यातले अर्धे मागे राहिलेल्या जोडीदाराचे. उरलेले अर्धे सर्व मुलांत समान, आणि मुलगा-मुलगी असा भेद नाही. समजा, देणे वजा जाता सोळाशे डॉलरची मालमत्ता आहे आणि पाच मुलगे व तीन मुली आहेत. विधवेला आठशे, आणि आठही मुलांना शंभर-शंभर.

यातले 'कोणीही वारले की' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. नवरा वारल्यावर विधवेची सोय करणारे नियम इतरत्रही आढळतात. येथे बायको वारली तरी नवऱ्याला हीच वाटणी करावी लागे, आणि ती पुरी झाल्याशिवाय दुसरे लग्न लावले जात नसे. म्हणजे ती जिवंत असतानाही अर्धे घर तिचेच धरलेले होते; तिच्या पश्चात ते तिच्या मुलांना जाई. ही गोष्ट लक्षात येण्यास मला तो भाग दोनदा वाचावा लागला.

हे सर्व पाहणारी संस्था म्हणजे 'वाइझेनआम्ट', अनाथांची कचेरी. ती सरकारी नव्हे, मंडळीने चालवलेली. निवडलेले दोन-तीन पुरुष तिचे काम पाहत. मुलांसाठी पालक नेमले जात, विधवेच्या मदतीलाही एक पुरुष दिला जाई. अज्ञान मुलांचे हिस्से कचेरीत जमा राहत, त्यांवर व्याज मिळे, आणि तोच पैसा गरजू शेतकऱ्यांना कर्जाऊ दिला जाई. गावातील पुष्कळ नव्या जोडप्यांचे नांगर अशा पोरक्या मुलामुलींच्या पैशातून आलेले होते. पुढे मंदीच्या काळात मॅनिटोबातील यांपैकी कित्येक कचेऱ्या बुडाल्या, त्यात अनेक विधवांचे पैसे गेले, हेही नमूद केले पाहिजे.

सर्व मुलींना प्रत्यक्ष जमीनच मिळे असे नाही. रशियात शेताचे तुकडे पाडण्यास मनाई होती, म्हणून एकजण शेत ठेवी व बाकीच्यांना त्यांची किंमत देई. मॅनिटोबात जमीन मुबलक असल्याने मुलींनाही जमीन किंवा गाई मिळण्याचे प्रमाण वाढले. लोवेन यांनी दाखवले आहे की नवी जोडपी पुष्कळदा मुलीच्या माहेरी किंवा माहेराच्या जवळ बिऱ्हाड करीत. लग्नही मुलीच्या घरी होई. जावई सासऱ्याच्या जमिनीवर सुरुवात करी आणि त्याला कोणी घरजावई म्हणून हिणवत नसे.

हा नियम मी घरी आईला सांगितला. ती हातातले काम न थांबवता ऐकत होती. मग म्हणाली, "मंग भावांनी तिला माहेरला येऊ दिलं का?"

माझे आजोबा गेले तेव्हा आईने हक्कसोडपत्रावर सही केली. मामा चांगले आहेत; दिवाळीला न्यायला येतात, साडी करतात. सही केली नसती तर ते आले असते की नाही हे कोणी बोलून दाखवले नाही, आणि तिनेही विचारले नाही. तेव्हा तिचा प्रश्न अगदी नेमका होता. मी परत जाऊन तेवढ्यासाठी वाचले. उत्तर असे की येऊ दिले, कारण मागण्याचा प्रश्नच नव्हता. हिस्सा मुलीने मागायचा नसून कचेरीने काढायचा होता, आणि प्रत्येक घरात तसाच काढला जात होता. ज्या भावाने बहिणीला शंभर दिले, त्याच्या बायकोने आपल्या माहेरून शंभर आणले होते. त्यामुळे कोणी लोभी ठरत नसे. आपल्याकडे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. पण तो हक्क प्रत्येकीने एकटीने, आपल्याच भावाकडे मागायचा आहे. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन बायकोच्या नावे जमीन करून द्यायला शेतकऱ्यांना सांगितले, त्यात गावच्या गाव एकदम सामील करून घेण्याचा प्रयत्न होता तो याच कारणाने असावा असे मला वाटते.

मेनोनाइट नियमाची खरी किंमत शेजारी ठेवून पाहिली म्हणजे कळते. कॅनडाच्या जमीन कायद्याने दहा डॉलर शुल्कात १६० एकर जमीन मिळे, पण ती कुटुंबप्रमुखाला किंवा सज्ञान पुरुषाला. लेकरे असलेली विधवा त्यात बसे. विवाहित बाई बसत नसे. १८८५ मध्ये मॅनिटोबाने विधवेचा पतीच्या जमिनीवरील परंपरागत 'डॉवर' हक्क रद्द केला आणि १९१८ पर्यंत तो परत दिला नाही. त्या तेहतीस वर्षांत इंग्रजी बोलणारा शेजारी मृत्युपत्र करून सारी जमीन बायकोला वगळून कोणालाही देऊ शकत होता. त्याच काळात कुंपणापलीकडची लो जर्मन बोलणारी, रुमाल बांधलेली, मागासलेली समजली जाणारी बाई अर्ध्याची धनीण होती.

येथवर वाचून हा समाज फार पुढारलेला होता असे कोणास वाटेल. तसे नाही. गावचे आणि मंडळीचे सर्व निर्णय 'ब्रुडरशाफ्ट'मध्ये होत. त्याचा अर्थच बंधुसभा. बाप्तिस्मा घेतलेले पुरुष तिचे सभासद. बाप्तिस्मा बाईनेही घेतलेला असे, त्याच पाण्याने, तीच वचने देऊन. पण सभेत तिला जागा नव्हती व मत नव्हते. धर्मोपदेशकाची निवड, एखाद्याला बहिष्कृत करणे, गाव सोडून दुसऱ्या देशी जाणे, सर्व तेथेच ठरे. तिची संमती असो वा हरकत, ती नवऱ्याच्या कानापर्यंत जाई आणि तेथून पुढे न्यायची की नाही हे तो ठरवी.

याची परीक्षा लवकरच झाली. १९१६ या एकाच वर्षात मॅनिटोबात दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत या प्रांताने, कॅनडात सर्वांत आधी, स्त्रियांना मताधिकार दिला. आणि मार्चमध्ये शाळांतून इंग्रजीशिवाय इतर भाषांतले शिक्षण बंद करण्याचा कायदा केला. पहिली गोष्ट सनातनी मेनोनाइट बायकांना लागली नाही; सरकारी निवडणुकीत त्यांचे पुरुषही मत देत नसत. दुसरी मात्र थेट घरात आली. मुले सरकारी शाळेत घातली नाहीत म्हणून दंड झाले, काहींना तुरुंग झाला. बंधुसभांनी मेक्सिकोस जाण्याचे ठरवले. राष्ट्राध्यक्ष आल्वारो ओब्रेगोन यांनी १९२१ मध्ये भाषा, शाळा आणि लष्करमाफी यांची हमी दिली. १ मार्च १९२२ रोजी प्लम कूली स्थानकावरून पहिली आगगाडी सुटली आणि पुढील चार-पाच वर्षांत सहा हजारांहून अधिक माणसे चिवावा राज्यात क्वाउतेमोक गावाभोवती वसली.

त्या गाड्यांत चढलेल्या कित्येक विवाहित बाया विकून आलेल्या शेताच्या अर्ध्याच्या मालकीण होत्या. ते शेत विकावे की नाही हे ज्या सभेत ठरले, तिच्या दाराबाहेर त्या होत्या. लेखाला 'वाटा आणि वाचा' असे नाव दिले ते याकरिता. सातबारावर नाव चढले की बाईचा प्रश्न सुटला असे आपल्या चर्चांत नेहमी ऐकू येते. या बायांचे नाव तर वहीत होतेच.

मेक्सिकोत बाईची वाचा आणखी आकुंचित झाली. सनातनी वसाहतींच्या शाळेत मुली साधारण बारा वर्षांपर्यंत व मुलगे तेरापर्यंत शिकत : मुळाक्षरे, धर्मप्रश्नोत्तरी, नवा करार, बायबल, आणि थोडे गणित. सर्व प्रमाण जर्मनमध्ये. पुरुष बाजारात, बँकेत, कचेरीत जात व स्पॅनिश उचलत. बाईला घर आणि मळा सोडून जावे लागत नसे, म्हणून तिला स्पॅनिश येत नसे. दूध मात्र तिचे. त्या दुधावर मेनोनाइट चीज मेक्सिकोभर प्रसिद्ध झाले, आजही 'चिवावा चीज' म्हणून ते विकले जाते.

जमीन पुरेना तसे काहीजण १९६० च्या दशकात बोलिव्हियात गेले. तेथील 'मॅनिटोबा' नावाच्याच एका वसाहतीत २००५ ते २००९ या काळात जे घडले ते लिहिणे कठीण आहे, पण गाळणे अप्रामाणिक होईल. जनावरांना गुंगी आणणारे औषध रात्री खिडकीतून घरात फवारून वसाहतीतल्याच काही पुरुषांनी शंभराहून अधिक स्त्रियांवर आणि मुलींवर अत्याचार केले. सकाळी त्यांना अंगावरच्या खुणांवरून काहीतरी कळे. त्या बोलल्या तेव्हा त्यांना भास, सैतानाची करणी, असे सांगण्यात आले. २००९ मध्ये गुन्हेगार रंगेहाथ सापडल्यावर प्रकरण पोलिसांकडे गेले. २०११ मध्ये सात जणांना पंचवीस वर्षांची आणि औषध पुरवणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरला बारा वर्षांची शिक्षा झाली. चार वर्षे त्या बायांपाशी दाद मागण्याची जागा नव्हती. बंधुसभेत त्यांना प्रवेश नाही, आणि न्यायालयाची भाषा त्यांना येत नाही. अशा अत्याचाराला मेनोनाइट असण्याची गरज नाही हे आपण वर्तमानपत्रातून जाणतोच. पण तो इतके दिवस झाकून कसा राहिला, हे त्या समाजाच्या रचनेतून समजते.

या घटनेवर मिरियम टेव्ज या लेखिकेने २०१८ मध्ये 'विमेन टॉकिंग' ही कादंबरी लिहिली. २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. टेव्ज यांचा जन्म १९६४ चा, मॅनिटोबातील स्टाइनबाखचा, म्हणजे १८७४ च्या स्थलांतरितांनीच वसवलेल्या गावचा. कादंबरीत वसाहतीतल्या बायका गवताच्या माळ्यावर जमतात आणि राहावे, लढावे की निघून जावे यावर दोन दिवस बोलतात. ती कल्पित गोष्ट आहे. पण पहिल्यांदाच बंधुसभेचा प्रश्न बायकांपुढे ठेवला आहे, म्हणून मला ती इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही वाचण्यासारखी वाटते.

सर्वत्र असेच आहे असा समज होऊ नये. नेदरलँड्समधील व उत्तर अमेरिकेतील अनेक मंडळ्यांत आज स्त्रिया धर्मोपदेशक आहेत. अमेरिकेत १९११ मध्येच फिलाडेल्फिया येथे अॅन अॅलेबाख हिला दीक्षा मिळाली होती. भारतातही मेनोनाइट आहेत. दुष्काळानंतर १८९९ मध्ये अमेरिकन मेनोनाइट मिशन धमतरीस आले. धमतरी आज छत्तीसगडात आहे, तेव्हा मध्य प्रांतात होते आणि कारभार नागपुराहून चाले. तेलंगणातही त्यांच्या मोठ्या मंडळ्या आहेत. तेथील शेतकरी स्त्रीविषयी लिहिणे हा निराळा आणि आपल्या अधिक जवळचा अभ्यास होईल. आपल्यापैकी कोणी तो हाती घ्यावा.

मेक्सिकोतून बरीच कुटुंबे गेल्या काही दशकांत शेतमजुरीसाठी पुन्हा कॅनडात, मुख्यतः ऑन्टारिओत आली आहेत. ज्या देशातून पणजोबा सभेच्या ठरावाने निघाले, तेथे नाती टोमॅटो आणि काकडी तोडायला परतल्या. एल्मर या गावी त्यांच्यासाठी लो जर्मन भाषेत चालणारे एक नभोवाणी केंद्र आहे. लिहिण्याची फारशी सवय नसलेली ती घरातली बोली आता तेथे हवामान, दवाखाना, कायदा यांविषयी बोलते, आणि भाजी चिरता चिरता बायका ती ऐकतात. जुन्या वसाहतींत मात्र वाटणीची पद्धत आजही तीच आहे, अर्धे जोडीदाराला आणि मुलामुलींना समान; बंधुसभेला अजून पुरुषच जातात.